ताडोबाच्या गेटवरचा होमस्टे आणि डेटाबेसचा प्रश्न: फुकटचा घ्यावा की आपला?

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी रात्री नऊ वाजता मोहर्लीहून माझ्या मावसभावाचा फोन आला. "दादा, एकाच खोलीसाठी दोन पार्ट्या येऊन राहिल्या. एक नागपूरची, एक हैदराबादची. दोघांजवळही कन्फर्म झाल्याचा मेसेज आहे. काय सांगू मी त्यांना?"

त्याचा होमस्टे चार खोल्यांचा आहे. साइट मीच दोन सुट्ट्यांमध्ये बसून बनवून दिली होती. बुकिंग आलं की ते एका ऑनलाइन शीटमध्ये जायचं, आणि साइट तीच शीट वाचून खोली रिकामी आहे की नाही ते दाखवायची. दोन वर्षं ते नीट चाललं. त्या दिवशी दोन फोनवरून दोन माणसांनी जवळजवळ एकाच क्षणी बटण दाबलं. साइटने दोघांसाठी शीट पाहिली, दोघांनाही खोली रिकामी दिसली, दोघांच्याही नावाची ओळ शीटमध्ये पडली. भावाने स्वतःची खोली एका कुटुंबाला दिली आणि तो पडवीत झोपला. चूक शीटची नव्हती, माझी होती. इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेल्या माणसाने हे आधी ओळखायला हवं होतं.

त्यानंतर ओळखीतल्या तीन-चार जणांनी मला हाच प्रश्न विचारला. कुणाचं चंद्रपुरात मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, कुणी मध आणि मोहफुलाचे लाडू ऑनलाइन विकायला बघतोय. प्रश्न एकच, "भाऊ, डेटाबेस कोणता घेऊ?" त्यातच गेल्या दोन-तीन वर्षांत फुकट प्लॅन बंद होणं, नवा डेटा कायदा, जुनी व्हर्जन्स निवृत्त होणं अशा बऱ्याच गोष्टी झाल्यात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक उलटा प्रश्न. तुम्हाला डेटाबेस लागतोच का? साइटवर फक्त फोटो, दर, नकाशा आणि व्हॉट्सअॅपचं बटण असेल तर लागत नाही. साधी एचटीएमएल पानं ठेवा. ती जंगलाच्या कडेला, एक दांडी नेटवर्कमध्येही उघडतात, हॅक व्हायला फारसं काही नसतं आणि होस्टिंग जवळपास फुकटात होतं. अर्ध्या लोकांचं काम इथेच भागतं. डेटाबेस तेव्हा लागतो जेव्हा अनोळखी लोक तुमच्या साइटवर काहीतरी लिहून जातात आणि ते लिहिलेलं पैशांशी किंवा शब्दाशी जोडलेलं असतं. बुकिंग, ऑर्डर, उधारी ही त्यातली कामं.

शीट आणि डेटाबेस यात नेमका फरक काय

शीट म्हणजे वही. कुणीही उघडावी, कुठेही लिहावं. डेटाबेस म्हणजे वही अधिक ती सांभाळणारा कडक कारकून. त्याला एकदा नियम सांगितला की तो मोडू देत नाही, तुमच्या कोडमध्ये चूक असली तरी.

मी आता एका खोलीची एक रात्र म्हणजे टेबलमधली एक ओळ असं धरलंय. त्यावर नियम असा, की खोली क्रमांक आणि तारीख ही जोडी पुन्हा येता कामा नये. याला युनिक कन्स्ट्रेंट म्हणतात. आता दोन फोनवरून एकाच मिलिसेकंदाला विनंती आली तरी पहिली ओळ आत जाते, दुसरीला डेटाबेस नकार देतो आणि साइट त्या माणसाला "माफ करा, आत्ताच खोली गेली" असं सांगते. आधी बघायचं आणि मग लिहायचं या दोन पावलांच्या मधल्या फटीतच माझा घोळ झाला होता. ती फट या नियमाने बुजते.

पाहुणा दोन रात्री राहणार असेल तर दोन ओळी जातात. त्यातली पहिली गेली आणि दुसरी नाकारली गेली तर? अर्धं बुकिंग कुणालाच नको असतं. म्हणून दोन्ही ओळी एका ट्रान्झॅक्शनमध्ये घालायच्या. दोन्ही जातील नाहीतर एकही जाणार नाही. डेटाबेस निवडताना जाहिरातीतल्या वेगापेक्षा आधी या दोन गोष्टी बघा, नियम पाळून घेतो का आणि ट्रान्झॅक्शन नीट करतो का.

पोस्टग्रेसमध्ये याहून सुटसुटीत सोय आहे. तिथे "अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत" असा पट्टाच एका कॉलममध्ये ठेवता येतो आणि एकाच खोलीचे दोन पट्टे एकमेकांवर चढणार नाहीत असा नियम घालता येतो. पण एक रात्र एक ओळ ही पद्धत कुठल्याही डेटाबेसमध्ये चालते, आणि उद्या दुसऱ्या कुणाला साइट सांभाळायला दिली तर त्यालाही लगेच समजते.

तुमचा डेटा खरंच किती मोठा आहे?

हा हिशोब कुणी करत नाही. चार खोल्या गुणिले ३६५ रात्री म्हणजे वर्षाला १,४६० ओळी, तेही होमस्टे वर्षभर भरलेला धरला तर. प्रत्यक्षात १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोबाचा कोअर भाग बंद असतो, बफरमधल्या काही गेटवर तेवढी थोडी वर्दळ राहते. तरी पूर्णच धरू. दहा वर्षांत १४,६०० ओळी. एका ओळीला २०० बाइट धरले तर सगळं मिळून तीन एमबीच्या आत. तुमच्या फोनने काढलेला वाघाचा एक फोटो याहून मोठा असेल.

मग "स्केल होईल का" ही चिंता कशाला? कॉलेजात आम्हाला सगळ्यांना मोंगोडीबी शिकवलं गेलं, व्हिडिओतही तेच असतं. ते वाईट नाही. पण बुकिंग, खोली, पाहुणा, पैसे हे सगळं एकमेकांशी बांधलेलं असतं, आणि असं बांधलेलं ठेवायला टेबलांचे जुने डेटाबेसच बरे पडतात. हे माझं मत आहे, भांडायला या.

तीन एमबीच्या डेटासाठी माझी पहिली पसंती एसक्यूलाइट. हा डेटाबेस म्हणजे फक्त एक फाइल. वेगळा सर्व्हर नाही, वेगळा पासवर्ड नाही. रिचर्ड हिप यांनी तो २००० साली बनवला, तो सार्वजनिक मालकीचा आहे, म्हणजे लायसन्सची भानगडच नाही. तुम्ही हा लेख अँड्रॉइड फोनवर वाचत असाल तर त्या फोनमध्ये तो आत्ताही चालू आहे. व्हॉट्सअॅपचे मेसेजसुद्धा तुमच्या फोनवर त्यातच साठतात. एसक्यूलाइटवाले स्वतःच सांगतात की दिवसाला एक लाख हिट्सपर्यंतची साइट त्यावर आरामात चालते. मोहर्लीच्या होमस्टेला तेवढे हिट्स आले तर भाऊ मला पार्टी देईल.

त्याच्या मर्यादाही सांगतो. एका वेळी एकच जण लिहू शकतो, बाकीचे काही मिलिसेकंद रांगेत थांबतात. वॉल मोड चालू केला की लिहिणं चालू असताना वाचणारे अडत नाहीत. खरा धोका वेगळाच आहे. काही आधुनिक होस्टिंग सेवांवर सर्व्हर पुन्हा सुरू झाला की त्याची डिस्क कोरी होते. तिथे एसक्यूलाइटची फाइल ठेवली तर एक दिवस सगळी बुकिंग गायब! कायमची डिस्क मिळते का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फुकटचं गणित

मला विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात आधीच एखादा फुकट प्लॅन असतो. समजू शकतो. सुरुवातीला खिशात पैसे नसतात. पण हेरोकूने २८ नोव्हेंबर २०२२ ला आपले फुकट प्लॅन बंद केले. प्लॅनेटस्केलने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलं आणि एप्रिलमध्ये फुकट डेटाबेस बंद केले, महिनाभराच्या मुदतीत. ज्याची साइट एखाद्या मित्राने बनवून दिलीय आणि तो मित्र आता पुण्यात नोकरीला आहे, त्याने महिनाभरात कुठे जायचं?

जे प्लॅन चालू आहेत त्यांच्या अटी आपल्या धंद्याला लावून बघा. सुपाबेस मला आवडतो, आत पोस्टग्रेसच आहे. पण त्याच्या फुकट प्लॅनमध्ये आठवडाभर वापर नसला की प्रोजेक्ट झोपवून ठेवतात. चालू दुकानाला याचा त्रास नाही. पण कोअर बंद असताना पावसाळ्यात ज्याच्या साइटवर कुणी फिरकत नाही, त्याला तो नेमका सप्टेंबरमध्ये, हिवाळ्याचं बुकिंग सुरू होताना, झोपलेला सापडेल.

फायरस्टोअरची गंमत आणखी वेगळी. तिथे फुकटात दिवसाला ५०,००० वाचनं मिळतात. ऐकायला भरपूर वाटतं. आता माझी एक रात्र एक ओळ ही रचना तिथे तशीच नेली, आणि कॅलेंडरवर पुढचे ९० दिवस दाखवायचे ठरवले, तर चार खोल्यांच्या ३६० नोंदी झाल्या. म्हणजे पान एकदा उघडलं की ३६० वाचनं. ५०,००० भागिले ३६०, म्हणजे १३८ वेळा पान उघडलं की दिवसाचा कोटा संपला. इन्स्टाग्रामवर एखाद्याने वाघिणीचा रील टाकून तुमची लिंक दिली तर दुपारीच संपेल. आणि हा कोटा आपल्या मध्यरात्री नाही, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या मध्यरात्री नव्याने सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबारा ते दीडच्या सुमारास. रचना बदलून, महिन्याची एक नोंद करून, हा खर्च खूप कमी करता येतो. पण तुमच्या टेबलांची रचना धंद्याच्या गरजेने ठरायला हवी की बिलाच्या भीतीने?

वर्डप्रेसवाल्यांसाठी

वर्डप्रेस वापरणार असाल तर निवडीचा प्रश्न जवळपास सुटलेलाच असतो. होस्टिंगसोबत मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी मिळतो, दोन्ही चालतात. फक्त व्हर्जन बघा. मायएसक्यूएल ८.० ची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतची. त्यानंतर तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या नाहीत. स्वस्त होस्टिंगवर जुनी व्हर्जन्स वर्षानुवर्षं पडून असतात. होस्टिंगवाल्याला फोन करून विचारायला लाजू नका, पैसे तुम्ही भरताय.

आणि एक सेटिंग, जे आपल्या दोन जिल्ह्यांत इतरांपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ८ नावाचा जुना प्रकार आहे, तो एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देतो. देवनागरी अक्षराला तीनच लागतात, त्यामुळे मराठी नीट दिसतं आणि आपण निर्धास्त होतो. मग एखादा पाहुणा अभिप्रायात इमोजी टाकतो, त्याला चार बाइट लागतात, आणि सेटिंगनुसार एरर येते किंवा वाक्य तिथेच तुटतं. आता गोंडी घ्या. मसराम गोंडी लिपी युनिकोडमध्ये २०१७ साली आली, गुंजाळा गोंडी २०१८ साली. दोन्हींच्या प्रत्येक अक्षराला चार बाइट लागतात. म्हणजे गडचिरोलीतल्या एखाद्या दुकानाने आपलं नाव गोंडी लिपीत लिहायचं ठरवलं तर त्या जुन्या प्रकारात एक अक्षरही साठणार नाही. उपाय सोपा आहे, यूटीएफ८एमबी४ निवडा. मायएसक्यूएल ८.० पासून तो आपोआपच असतो, पण जुन्या साइटवरून आणलेली टेबलं जुन्याच प्रकारात राहतात. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइटमध्ये ही भानगड नाही.

त्यांच्यात दुसरी एक आहे. युनिकोडच्या क्रमात ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, आपल्या वर्णमालेत मात्र ह नंतर. त्यामुळे साधी यादी लावली की काळे, कावळे, कासार असा क्रम लागतो. मराठी माणूस कावळे, कासार, काळे असं शोधतो. वीस गिऱ्हाइकांत फरक पडत नाही, पाचशेत पडतो. पोस्टग्रेसमध्ये मराठी क्रम निवडता येतो, एसक्यूलाइटमध्ये ते काम तुमच्या कोडला करावं लागतं.

नेटवर्क नसेल तिथे

एटापल्लीकडचा माझा एक कॉलेजमित्र तेंदूपानांच्या हिशोबासाठी अॅप बनवतोय. तिथे साइटपेक्षा प्रश्न अवघड आहे. वनहक्क कायद्यामुळे आणि पेसामुळे आपल्याकडे अनेक ग्रामसभा स्वतःच व्यापारी झाल्या आहेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगावही बांबूचा व्यवहार स्वतः करतं. तेंदूच्या हंगामात, एप्रिल-मेमध्ये, फळीवर प्रत्येक घराचे पुडे मोजून वहीत लिहिले जातात. एका पुड्यात ७० पानं. त्या एका ओळीवर एका घराची पावसाळ्याआधीची कमाई ठरते.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांत ४जी पोचवायला २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. टॉवर वाढले आहेतच. पण पर्लकोटेला पूर आला की भामरागड अजूनही तुटतं, आणि फळी जंगलात असते. म्हणून मित्राच्या अॅपमध्ये नोंद आधी फोनवरच्या एसक्यूलाइटमध्ये होते, रेंज मिळाली की सर्व्हरवर जाते.

आता घोळ बघा. फोनने नोंद पाठवली, सर्व्हरने घेतली, पण "मिळाली" हा निरोप परत यायच्या आत रेंज गेली. फोनला वाटतं नोंद गेलीच नाही, तो पुन्हा पाठवतो. शंभर पुड्यांचे दोनशे झाले. एकाचे वाढले तर फळीवर भांडण, आणि मग दुरुस्ती करताना कुणाचे तरी कमी होतात. उपाय तोच, माझ्या होमस्टेचा. प्रत्येक नोंदीला फोनवरच एक वेगळा ओळखक्रमांक द्यायचा आणि सर्व्हरवर त्यालाही युनिक नियम लावायचा. तीच नोंद दहा वेळा आली तरी एकदाच लिहिली जाते. सर्व्हरवर त्याने पोस्टग्रेस घेतलाय, आणि तिथे तेच योग्य आहे, कारण एकाच वेळी अनेक फोन लिहिणार आहेत.

वही कुणाच्या कपाटात?

आपल्याकडच्याच एका प्रकरणाची आठवण करून देतो. ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रपुरात गुन्हा नोंदला गेला. ताडोबा सफारीचं ऑनलाइन बुकिंग सांभाळणाऱ्या खासगी एजन्सीने व्याघ्र प्रकल्पाच्या प्रतिष्ठानचे सुमारे १२ कोटी रुपये भरले नाहीत असा आरोप होता. काही काळ ऑनलाइन बुकिंग अडकलं आणि नंतर ते वनविभागाच्या संकेतस्थळावरून सुरू झालं. आरोप खरे की खोटे हे न्यायालय बघेल. मला त्यात तंत्रज्ञानाचा प्रश्न दिसतो. पैसे, बुकिंग आणि त्यांची नोंद हे तिन्ही एकाच बाहेरच्या हातात असतील तर ताळा कशाशी करायचा? चार खोल्यांच्या मालकालाही हे लागू आहे. साइट कुणीही बनवो, डोमेन, होस्टिंगचं खातं आणि डेटाबेसचा पासवर्ड मालकाच्या नावावर हवा, आणि रोजची एक प्रत त्याच्याकडे. बनवणारा भाऊ असला तरी.

हातात वही आली की जबाबदारीही येते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. म्हणजे २०२७ च्या मेपर्यंत. डेटा सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. होमस्टेला कुणी तेवढा दंड लावणार नाही, पण पाहुण्यांच्या आधार कार्डांचे फोटो फुटले तर त्यांना आणि डेटा संरक्षण मंडळाला कळवावं लागेल. मी भावाला सांगितलं, ओळखपत्र बघ, नियमाप्रमाणे रजिस्टरमध्ये नोंद कर, परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांत त्याचा ठरलेला फॉर्म भर, पण आधारचा फोटो साइटच्या डेटाबेसमध्ये ठेवू नको. जे साठवलंच नाही ते चोरीला जात नाही. त्याच्या व्हॉट्सअॅपमध्ये तीन वर्षांचे आधार कार्डांचे फोटो निघाले, ते डिलीट करण्यात एक दुपार गेली.

बॅकअपबद्दल एवढंच. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या फायलींचा ८५८ टेराबाइटचा साठा कायमचा गेला, कारण त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. एवढ्या तालेवार देशाचं हे झालं. आपली फाइल तीन एमबीची आहे, निमित्त सांगायला जागा नाही. फक्त चालू एसक्यूलाइटची फाइल सरळ कॉपी करू नका, त्याच क्षणी कुणी लिहीत असेल तर प्रत बिघडू शकते. त्याची स्वतःची बॅकअप कमांड आहे, ती वापरा.

सध्या भावाची साइट महिन्याला चारपाचशे रुपयांच्या छोट्या सर्व्हरवर, एसक्यूलाइटवर चालते. रोज रात्री दोन वाजता बॅकअपची फाइल एका दुसऱ्या कंपनीच्या स्टोरेजवर जाते आणि तिथून त्याच्या फोनवर. मंगळवारी कोअर बंद असतो, त्याला जरा सवड असते, तेव्हा तो ती फाइल लॅपटॉपवर उघडून येत्या शनिवारची बुकिंग दिसतात का ते बघतो आणि मला व्हॉट्सअॅपवर एक अंगठा पाठवतो. गेल्या मंगळवारी अंगठा आला नाही. फोन केला तर म्हणाला, "दादा, लाइन गेली होती. बुधवारी बघितलं, बरोबर आहे."